चौदा मोजून सोळा

दुकानावरची पाटी उतरवून दीड वर्ष झालं होतं, पण मास्तर हे नाव काही अंगावरून उतरलं नव्हतं. एकवीस वर्षं शिवणयंत्रापुढं बसलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? प्रशिक्षण केंद्रात पहिल्याच दिवशी एक जुनं गिऱ्हाईक जिन्यात भेटलं, "मास्तर, तुम्ही इथं?" म्हणालं, आणि झालं. वर्गातली वीस-बावीस वर्षांची सगळी पोरंपोरी तेव्हापासून त्यांना मास्तर म्हणू लागली. गंमत अशी, की त्या वर्गात गणितात सगळ्यांत मागं कोण, तर मास्तर.

वर्ग अँब्युलन्सवर काम करणाऱ्यांचा. जुन्या अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर रबराचे चार हात ठेवलेले. त्या हातांच्या शिरा सुया टोचून टोचून चाळणीसारख्या झालेल्या. खाली गाड्या उभ्या असायच्या, आणि एखादी निघाली की खिडकीच्या काचा थरथरायच्या.

मास्तर इथं आले ते दुकानात घडलेल्या एका गोष्टीमुळं. तयार कपड्यांपुढं शिवणकाम मागं पडतच होतं. त्यात एक दिवस कोटाचं माप देताना एक गृहस्थ हात पसरलेल्या अवस्थेतच खाली बसले. अँब्युलन्स आली. एक तरुण बाई आणि एक पोरगा गुडघ्यांवर टेकले, न बोलता एकमेकांच्या हातात वस्तू देत राहिले, आणि अर्ध्या तासापूर्वी राखेसारखा झालेला चेहरा माणसाचा झाला. मास्तर टेप गळ्यात तसाच ठेवून बघत राहिले. हे हातांचं काम आहे, त्यांना वाटलं. हात तर माझ्याकडं आहेत.

हात होतेच. रबराच्या हातात पहिल्या झटक्यात सुई बसवणारे वर्गात तेच एकटे. पट्टी बांधावी तर त्यांनीच. पण औषधाचं गणित आलं की त्यांचं डोकं धुक्यात शिरल्यासारखं व्हायचं. दर किलोला इतके मिलिग्राम, कुपीत इतक्या मिलिलिटरमध्ये इतके मिलिग्राम, तर किती मिलिलिटर भराल? दोन टक्क्यांचं औषध म्हणजे एका मिलिलिटरमध्ये वीस मिलिग्राम. दोनाचे वीस कधी झाले हे त्यांना वर्गाला शिकवणाऱ्या मॅडमनी चार वेळा समजावलं होतं, चारही वेळा समजलं होतं, आणि चारही वेळा घरी जाईपर्यंत पुन्हा दोनाचे दोन झाले होते.

नियम सरळ होता. वीस प्रश्नांची परीक्षा, अठरा बरोबर हवेत, तीन संधी. पहिल्या खेपेला मास्तरांचे तेरा आले, दुसऱ्या खेपेला पंधरा. तिसरी खेप शेवटची. त्यात अठरा आले नाहीत तर यादीतून नाव कमी, आणि पुढच्या तुकडीची वयाची अट मास्तरांनी तोवर ओलांडलेली असणार.

"मास्तर, तुम्हाला रीत येते हो," मॅडम म्हणायच्या. त्या वयानं मास्तरांच्या बरोबरीच्या, चष्मा केसांत खोचायच्या आणि मग वर्गभर शोधायच्या. "पायऱ्या बघा, सगळ्या बरोबर. मग शेवटी हे काय येतं? तेरा पॉइंट पंचाहत्तर यायला हवं तिथं चौदा!"

"पाव एमएलनं काय होतं, मॅडम?"

"तुमच्या अंगात घालू का पाव एमएल जास्त? मग सांगा काय होतं ते."

पोरं हसली. मास्तरही हसले, पण आतून गोंधळले. त्यांना चौदा लिहिल्याचं आठवत नव्हतं. कागदावर अक्षर मात्र त्यांचंच होतं.

परीक्षेला दोन आठवडे राहिले असताना गाडीवरची पाळी आली. शिकाऊ माणसानं मागं बसायचं, जुन्या माणसाचं बघायचं, सांगेल तेवढंच करायचं. मास्तरांना मिळाल्या त्या ताई. वयानं दहा वर्षांनी लहान, पण त्यांना सगळेच ताई म्हणायचे, गाडीचा ड्रायव्हरसुद्धा, जो त्यांच्या वडलांच्या वयाचा होता. ताई बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त.

सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. लहान मुलीला झटके येताहेत. अरुंद जिना, दुसरा मजला, दार सताड उघडं. स्वयंपाकघराच्या फरशीवर साडेतीन-चार वर्षांची मुलगी, हातपाय कडक होऊन उडत होते, डोळे वर गेलेले. बाप तिच्या डोक्याखाली स्वतःचा तळहात धरून बसलेला. त्या हाताची बोटं फरशीवर आपटून सोलवटली होती, पण त्यानं हात काढला नव्हता.

"किती वेळ झाला?" ताईंनी तिला कुशीवर वळवत विचारलं.

"सात... आठ मिनिटं. थांबतच नाही हो."

"वजन किती हिचं?"

बापानं दाराकडं पाहिलं. "हिची आई कामावर गेलीय. तिला माहीत असतं."

"मास्तर, पट्टी."

लहान मुलांसाठी गाडीत एक घडीची पट्टी असते. मुलाच्या शेजारी अंथरायची, डोक्यापासून टाचेपर्यंत, आणि टाच जिथं येईल तिथं वजन छापलेलं असतं. मास्तरांनी ती उलगडली मात्र, त्यांच्या हातांना एकदम घरी आल्यासारखं झालं. माप घेण्यात त्यांचा हात कोण धरणार? एका हातानं डोक्याशी टोक दाबलं, उडणारा पाय दुसऱ्या हातानं हलकेच सरळ केला, टाचेची जागा बघितली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "सोळा."

ताईंचा हात कुपीकडं गेला होता तो थांबला. औषध भरण्याआधी दोघांनी डोळ्यांनी बघायचं आणि दोघांनी मोठ्यानं वाचायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्या वाकल्या.

"चौदा आहे."

"हो, चौदा," मास्तर म्हणाले.

"मग सोळा कुठून काढलंत?"

"मी चौदाच म्हणालो की."

ताईंनी बापाकडं पाहिलं. तो बिचारा लेकीचं डोकं धरून बसलेला, त्याला ह्यात कशाला ओढायचं? पण तो म्हणाला, "सोळा म्हणाले."

मास्तर पुन्हा वाकले. त्यांनी पट्टीकडं पाहिलं. चौदा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही चौदाच होतं, हे त्यांना शपथेवर सांगता आलं असतं. मग तोंडातून सोळा गेलं कसं, आणि कानाला ऐकू कसं आलं नाही?

"चौदा किलो. किलोला पॉइंट दोन," ताई मोठ्यानं म्हणाल्या. "दोन पॉइंट आठ मिलिग्राम. एका एमएलमध्ये पाच. पॉइंट पाच सहा. वाचा."

"पॉइंट पाच सहा," मास्तरांनी सिरिंजवरची रेघ बघून वाचलं. आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

औषध नाकातून दिलं. तीन मिनिटांत मुलीचं अंग सैल पडलं, चौथ्या मिनिटाला ती कण्हली, आणि बापाला तेव्हा कुठं रडू फुटलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती बापाचं बोट धरून झोपली होती. केंद्राच्या आवारात गाडी लागल्यावर ताई हातमोजे काढत म्हणाल्या, "मास्तर, मी हे लिहिणार आहे. राग मानू नका."

"राग कसला? लिहायलाच हवं."

"आज दोघं होतो म्हणून. उद्या तुमच्या शेजारी एखादी नवी पोरगी असेल, मास्तर म्हणताहेत म्हणजे बरोबरच असणार असं मानणारी." मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला ऐकायला कमी येतं का? तपासून घ्या."

"नाही हो. सुई पडली तर ऐकू येते."

"मग मला काही कळत नाही," ताई म्हणाल्या. मास्तरांनाही कळत नव्हतं, पण आपल्यालाच आपलं कळू नये हे त्यांना जास्त लागलं.

संध्याकाळी घरी आले. दुकान गेलं तरी यंत्र घरी होतं आणि बायको त्यावर दुरुस्तीची कामं करायची. तिनं त्यांचं तोंड बघूनच पायाचा पेडल थांबवला.

"काय झालं हो?"

त्यांनी सगळं सांगितलं. चौदा दिसलं, सोळा म्हणालो, आणि म्हणालो हे मलाच माहीत नाही. बायकोनं ऐकून घेतलं, आणि मग जे केलं त्याची त्यांना मुळीच अपेक्षा नव्हती. ती हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसली.

"अगं, माझा जीव चाललाय आणि तू हसतेस?"

"हसू नको तर काय करू? एकवीस वर्षं तुम्ही हेच करत आलात. छाती छत्तीस मोजायची आणि मला अडतीस सांगायची."

"मी?"

"नाहीतर कोण, शेजारचा? तुम्ही टेप लावायचा, मी वहीत लिहायचं. शिवणीचं, ढिलेपणाचं जे काय वाढवायचं ते तुम्ही मनातल्या मनात वाढवूनच सांगायचात. पोरांच्या कपड्यांना तर वाढत्या अंगाचं म्हणून आणखी. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मी एकदा टेप बघितला होता, तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल!"

मास्तर खाटेवर बसले. एकवीस वर्षं माप घेणारे तेच, सांगणारे तेच, कापणारे तेच, आणि मधे कुणीतरी दोन इंच घालत होतं, ते कुणीतरी म्हणजे ते स्वतःच. कपडा कमी कापला की तो जन्मात वाढत नाही. जास्त असेल तर आत घेता येतो. हे त्यांच्या बोटांना कळायला लागल्यापासून माहीत होतं. पण ते कधी जिभेत जाऊन बसलं, याचा पत्ता नव्हता.

बायकोनं उठून त्यांच्या पिशवीतून आधीच्या दोन्ही परीक्षांचे कागद काढले. चुकलेली उत्तरं एकेक करून वाचली. तेरा पॉइंट पंचाहत्तरचे चौदा. चार पॉइंट पस्तीसचे साडेचार. तिथं मधल्याच पायरीला सत्त्याऐंशीचे नव्वद झाले होते. बारा चुका, त्यातल्या अकरा जास्तीकडं.

"आणि बारावी?"

"बारावी तुमची खरीखुरी चूक आहे," बायको म्हणाली. "भागाकार चुकलाय."

आता रोग कळला म्हणजे औषध सापडलं, असं कुणालाही वाटेल. मास्तरांनाही रात्रभर तसंच वाटलं. सकाळी उठून गणितं सोडवायला बसले तर नवीनच घोळ. प्रत्येक उत्तर लिहिलं की हात थांबायचा. हे मी वाढवलं का? बघू बरं. नाही वाढवलं. की वाढवलं, आणि कळलं नाही? मग पुन्हा सोडवायचं. पूर्वी वीस गणितं तासाभरात व्हायची, आता पाच व्हायला दुपार उजाडायची.

त्यातच खालच्या मजल्यावरचे गृहस्थ पँटची उंची कमी करायला घेऊन आले. बायको बाहेर गेली होती. मास्तरांनी माप घेतलं, मनाला बजावलं की जे आहे तेच, काडीचंही जास्त नाही, आणि कापून दुमडून दिली. गृहस्थ दुसऱ्या दिवशी दारात. पँट घोट्याच्या वर चार बोटं.

"मास्तर, मी काय नदी ओलांडायला निघालोय का?"

बायकोनं कपाळावर हात मारला. "दुमडीला कापड सोडायचं तरी होतं!"

"तूच म्हणालीस ना, जास्त धरू नका?"

"ते तिकडं! इकडं नाही!"

तिकडं आणि इकडं. मास्तरांना वाटलं, आपल्याला दोन माणसं व्हावं लागणार. एक यंत्राशी बसणारं, एक गाडीत बसणारं, आणि दोघांनी एकमेकांची ओळख ठेवायची नाही. पण दोघांना हात मात्र तेच. त्या आठवड्यात त्यांनी घरात कात्रीला हात लावला नाही, आणि वर्गात सिरिंज भरताना एकच रेघ तीन-तीनदा वाचू लागले, जे त्यांनी कधी केलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मॅडमनी कागद वाटले आणि चष्मा केसांतून काढून नाकावर ठेवला. शेजारच्या बाकावर वर्गातली सगळ्यांत हुशार पोरगी होती. बारीक, कायम घाईत; तिला सगळे चिमणी म्हणायचे. तिची परीक्षा पहिल्याच खेपेला झाली होती, वीसपैकी वीस. आज ती मॅडमच्या मदतीला, कागद गोळा करायला बसली होती.

मास्तर संथपणे निघाले. टक्क्यांचं गणित आलं. दोनाचे वीस झाले आणि वीसच राहिले. किलोचं आलं. मधल्या पायरीला काहीही न वाढवता पुढं गेले. अकराव्या प्रश्नाला एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचं होतं, एका मिलिलिटरचे वीस थेंब, तर मिनिटाला किती थेंब? उत्तर आलं एक्केचाळीस पॉइंट सहा सहा, आणि पुढं सहाच सहा.

मास्तर तिथं अडकले. दोन तृतीयांश थेंब पडत नाही. एक्केचाळीस लिहावं की बेचाळीस? बेचाळीस म्हणजे वर जाणं. वर जायचं नाही, हे तर ते दोन आठवडे स्वतःला बजावत होते. पण सहा म्हणजे अर्ध्याच्या पुढं. मग वर. पण वर जायला सांगतंय ते गणित, की एकवीस वर्षांची खोड? दोघांचा आवाज सारखाच येत होता. खाली एक गाडी निघाली, काचा थरथरल्या. त्यांनी बेचाळीस लिहिलं, आणि लिहिल्यावर काहीतरी चोरल्यासारखं वाटून पुढच्या प्रश्नाकडं वळले.

कागद तपासायला अर्धा तास लागायचा. बाकीचे चहाला गेले. मास्तर जिन्यात उभे राहिले, भिंतीवरची आग विझवायच्या नळकांड्याची सूचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनदा वाचली. मग मॅडमनी आत बोलावलं.

"अठरा," त्या म्हणाल्या.

मास्तर टेबलाजवळ आले. "म्हणजे?"

"म्हणजे पास. अठरा लागतात, अठरा आले. यादीत नाव राहिलं." पण त्यांचा चेहरा पास करणाऱ्या माणसाचा नव्हता. त्यांनी कागद फिरवून समोर ठेवला. "हे दोन चुकलेले बघा. इथं दोन पॉइंट सहा सहा आलं, एका दशांशापर्यंत लिहायचं होतं. तुम्ही दोन पॉइंट सहा लिहिलंय. सात हवं. इथं पॉइंट आठ सात पाच, दोन दशांशापर्यंत. तुम्ही पॉइंट आठ सात. आठ आठ हवं. आधी तुमचं सगळं जास्त यायचं, आता कमी येतंय. हे काय चाललंय, मास्तर?"

"मी जास्त धरायचं सोडलं."

"सोडलंत ते बरं केलंत. पण मग थेंबांच्या गणितात वर कसे गेलात? तिथं बेचाळीस बरोबर आहे. तेच सहा सहा इथं आहे, तर इथं खाली. का?"

खोटं बोलता आलं असतं. थेंब मोडत नाही म्हणून, असं म्हणता आलं असतं, आणि मॅडमनी ते मानलंही असतं.

"माहीत नाही, मॅडम."

मॅडमनी चष्मा पुन्हा केसांत खोचला. "चुकलेलं उत्तर मला चालतं. ते धरता येतं. माहीत नसताना बरोबर आलेल्याची मला भीती वाटते." मग त्यांनी नोंदवहीत त्यांच्या नावापुढं उत्तीर्ण असं लिहिलं आणि खाली सही केली. "पास आहात, ते मी काढून घेऊ शकत नाही. ताईंना सांगते. वर्षभर तुम्ही भरलेली प्रत्येक सिरिंज दुसऱ्या कुणीतरी वाचल्याशिवाय कुणाच्या अंगात जायची नाही. चालेल?"

"चालेल. मलाही तेच हवंय."

बाहेर येऊन त्यांनी बायकोला फोन लावला. "पास झालो," म्हणाले. पलीकडून तिचा आनंदाचा आवाज आला, मागं यंत्र थांबल्याचा आवाज आला, आणि मग तिनं विचारलं, "मग आवाज असा का?"

"अगं, पास झालो, पण कसा झालो ते कळलं नाही."

"झालात ना? घरी या आता."

पण ते लगेच घरी गेले नाहीत. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून निकालाच्या कागदाच्या पाठीमागं त्यांनी पॉइंट आठ सात पाच लिहिलं आणि त्याकडं टक लावून बघत बसले. चिमणी चहाचा पेला घेऊन वर येत होती. ती थबकली.

"मास्तर, पास झालात ना? मग आता कसलं गणित?"

"एक सांग मला. हा शेवटचा पाच. सहा असता तर वर जायचं, चार असता तर खाली. बरोबर?"

"बरोबर."

"पाच अगदी मधोमध आहे. इकडून तेवढाच, तिकडून तेवढाच. मग तो वरच का जातो?"

"नियमच आहे तसा. पाच आणि पुढं, वर."

"नियम मलाही पाठ आहे. का, ते विचारतोय."

वीसपैकी वीस मिळवलेल्या त्या पोरीनं कागद हातात घेऊन उजेडाकडं धरला, जणू उत्तर मागच्या बाजूनं दिसेल.

"थांबा हं," ती म्हणाली, आणि चहाचा पेला पायरीवर ठेवून त्यांच्या शेजारी बसली.